बंद सर्व्हरने पाठवलेल्या ओळी

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आमच्या वर्तकनगरच्या घरात नवस नाही, उतारा नाही. भीती मोडावी म्हणून बाबांनी मला आठव्या वर्षी स्मशानातून चालवत नेलेलं. तेव्हा ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसावं... मी लिहिणारच.

मी एका पॅथॉलॉजी लॅबचे लिनक्स सर्व्हर सांभाळते. ऑफिस खोपटला, दुसरी शाखा डोंबिवलीत. माझ्या आधी हे काम साधनाताई बघायच्या. गेल्या वर्षी मुख्य सर्व्हर जळला, पेशंटचे जुने रिपोर्ट गेले. आमचे मॅनेजर परबसर सगळ्यांसमोर म्हणाले, "बाईंनी बॅकअपच घेतला नव्हता." ताई सांगत राहिल्या — घेतलाय, डिस्क माझ्या खणात ठेवलेली. पण खणात डिस्क नव्हती. दोन महिन्यांत ताई हार्ट अटॅकने गेल्या. डाग तसाच राहिला.

यंदा सरांनी सगळ्या सर्व्हरवर लॉग एजंट बसवायला सांगितला. लॉग म्हणजे सर्व्हरची डायरी — कोण आलं, काय केलं, काय बिघडलं. एजंट हा छोटा प्रोग्रॅम त्या डायऱ्या एका स्क्रीनवर गोळा करतो. चार सर्व्हर, चार एजंट. मंगळवारी दुपारी जेवून आले, तर स्क्रीनवर नावं पाच!

पाचवं नाव त्या जळालेल्या सर्व्हरचं.

स्टोअररूममध्ये जाऊन बघितलं. खोका तिथेच. वायर नाही, हार्डडिस्क तर केव्हाच काढून भंगारात दिलेली. परत आले तर त्या नावापुढे दोन ओळी. वेळ त्याच दुपारची. पहिली — साधनाताईंच्या नावाने लॉगिन. दुसरी हाताने टाइप केलेली, इंग्रजी अक्षरांत मराठी : "डिस्क रजिस्टरांबरोबर डोंबिवलीला गेली. रिसेप्शनमागचं कपाट, खालचा कप्पा. मी बॅकअप घेतला होता."

राग आला. कोण खेळ करतंय? ताईंचं अकाउंट शोधलं — कुठल्याच सर्व्हरवर नाही, मीच काढून टाकलेलं. तशीच उठले आणि डोंबिवली गाठली. खालच्या कप्प्यात, खोपटहून पाठवलेल्या जुन्या रजिस्टरांच्या गठ्ठ्याखाली डिस्क होती. सर्व्हर जळायच्या आदल्या दिवसाचा बॅकअप. सगळे रिपोर्ट शाबूत.

परबसर खूश. "लिहून टाक, साफसफाईत सापडली."

"नाही सर. साधनाताईंनी बॅकअप घेतला होता, हे पहिलं वाक्य असेल. आणि मला कसं कळलं, तेही लिहिणार."

"अगं, लोक वेडी म्हणतील. नोकरीचा विचार कर."

"म्हणू देत. ताईंना कामचुकार ठरवलंत, तेव्हा तुम्हाला पुरावा लागला नाही."

डिस्क सापडल्याचा रिपोर्ट मी जसाच्या तसा सगळ्या स्टाफला पाठवला.

रविवारी आंबिवलीला ताईंच्या मिस्टरांकडे गेले, त्या ओळींची प्रिंट हातात दिली. त्यांनी दोनदा वाचली.

"मेसेजमध्येसुद्धा पूर्णविराम द्यायची ती," म्हणाले. मग चष्मा काढून पुसायला घेतला.

मित्र म्हणतात, कुणीतरी हॅक केलं असेल. असेल! मग त्याला डिस्क कुठे आहे हे माहीत होतं, तर बाई जिवंत असताना त्याने तोंड का नाही उघडलं? तुमच्याकडे उत्तर असेल तर सांगा, ऐकून घेईन.

त्या नावापुढे पुन्हा एकही ओळ आलेली नाही. सर म्हणाले, लिस्टमधून काढून टाक. नाही काढलं. काढणारही नाही.