पुठ्ठ्याचा कॉम्प्युटर

दवाखान्यात नोंदणीच्या काउंटरवर बसणाऱ्या काकूंच्या तोंडात एकच वाक्य बसलेलं, "माझंच चुकलं." नळ गळला तरी चूक काकूंची! त्यात मागच्या वर्षी काउंटरवर कॉम्प्युटर आला आणि त्यांची पाचावर धारण बसली. समोर पेशंट कण्हतायत, रांग दारापर्यंत गेलीय, आणि पडद्यावर लाल अक्षरं डोळे वटारतायत. शेवटी ते सॉफ्टवेअर गुंडाळावं लागलं. पण मॅनेजरबाईंनी बजावलं, "आता दुसरं येतंय. त्यावर हात बसला नाही तर काकू, तुम्ही मागे चादरींच्या खोलीत." अहो, जन्मभर माणसांत रमलेल्या बाईने चादरींशी काय बोलायचं?

दुसरं सॉफ्टवेअर करायला जो आला, त्याच्या काखेत पुठ्ठे होते. एकेका पुठ्ठ्यावर पेनाने काढलेला एकेक पडदा, बटणं आणि रकान्यांसकट. "काकू, हा कॉम्प्युटर. बोटाने दाबा. आत मी बसलोय," असं म्हणून हा बाबा समोर स्टुलावर बसला. काकूंनी 'नवीन पेशंट'वर बोट ठेवलं की तो पुठ्ठा उचलायचा आणि पुढचा ठेवायचा. बघणाऱ्यांची हसून हसून पुरेवाट झाली. त्याचं नावच पडलं पुठ्ठेवाला.

त्याचे वडील शिंपी. कोट पक्का शिवण्याआधी कच्चे टाके घालून गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवायचे, आणि काखेत ताणला गेला तर स्वतःच टाके उसवायचे. तुमचीच काख वाकडी, असं कुणाला कधी म्हणाले नाहीत. पोराने तेवढंच उचललं. कोड लिहायला त्याच्या ऑफिसात दुसरी माणसं होती. काय लिहायचं ते ठरवणं याचं काम, आणि ते ठरेपर्यंत तो कुणाला कीबोर्डला हात लावू द्यायचा नाही.

एक दिवस मॅनेजरबाई हाताची घडी घालून बघायला उभ्या राहिल्या आणि काकू नेमक्या तेव्हाच अडल्या. पेशंटला काय होतंय हे आधी विचारायची त्यांची सवय, आणि पुठ्ठा आधी पत्ता मागत होता. बोट हवेतच राहिलं.

"माझंच चुकलं," काकू पुटपुटल्या.

"बघा, मी म्हटलं नव्हतं?" मॅनेजरबाई म्हणाल्या.

पुठ्ठेवाल्याने तो पुठ्ठा उचलला आणि टराटरा फाडला. "चुकलं ते ह्याचं. कण्हणाऱ्या माणसाला आधी पत्ता विचारतो, अक्कल नको?" आणि लगेच नवा कापायला घेतला.

घरी गेल्यावर काकूंनी नवऱ्याला सांगितलं, "अहो, त्याने आपलं काम फाडून टाकलं!"

"तुझ्यावर चिडून?"

"नाही हो, माझ्यासाठी!" म्हणता म्हणता त्यांचे डोळे भरून आले. त्या पोराचं भलं होवो, असं त्या रोज म्हणू लागल्या, आणि अगदी मनापासून.

त्यानंतर बरेच पुठ्ठे फाटले. मग एकदाचं खरं सॉफ्टवेअर सुरू झालं. मॅनेजरबाई मागे उभ्या होत्या, पुठ्ठेवाला कोपऱ्यात नखं खात होता. काकूंची बोटं मजेत चालली होती. तेवढ्यात एक बाई तान्हं बाळ घेऊन आली. बाळाला ताप, आणि नाव अजून ठेवलेलं नाही. पडदा नावाशिवाय पुढे हलेना. पुन्हा लाल अक्षरं.

"माझं..." काकू म्हणाल्या आणि थांबल्या. मग मान वर करून अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल अशी हाक मारली, "अरे ए पुठ्ठेवाल्या! इकडे ये आधी. तुझं चुकलंय!"

तो धावत आला, पडदा बघितला, कपाळावर हात मारला आणि हसायलाच लागला. "खरंच की हो काकू! उपकार झाले बघा." तिथेच पिशवीतून पुठ्ठा काढून तो 'नाव अजून ठेवलेलं नाही' असा चौकोन आखायला बसला.

"चादरींसाठी मी दुसरं कुणीतरी बघते," मॅनेजरबाई हळूच म्हणाल्या.

काकूंना ते ऐकूही गेलं नाही. बाळाला नोंदीवाचूनच डॉक्टरांकडे पाठवून त्या पुढच्या माणसाला विचारत होत्या, "काय होतंय तुम्हाला?"