डाव्या पायाची डायरी

आमच्या मालकांनी, सयाजीरावांनी, एकतीस वर्षं रेल्वेचे रूळ पायी तपासले. खांद्यावर हातोडा आणि पाना, पाकणी स्टेशनाच्या बाजूची सहा किलोमीटरची हद्द. जाताना एक रूळ बघायचा, येताना दुसरा. सांजच्याला डायरीत ‘ठीक’ लिहून खाली सही करायची. हाताखालच्या बिरुदेवानं एकदा लिंबाच्या सावलीत बसल्या बसल्या ‘ठीक’ लिहिलं, तर ह्यांनी त्याला थेट सायबापुढं उभा केला. लेकराबाळांचा माणूस, घरी येऊन पाया पडला. मीबी चार शब्द टाकून बघितले. पण आमचं माणूस म्हणजे दगड.

“न बघता लिहिलेलं ठीक म्हणजे खून हाय,” म्हणाले. बिरुदेवाची नोकरी गेली.

रिटायर झाले आणि वर्षाच्या आत साखरेनं त्यांचा उजवा पाय गुडघ्याखालनं नेला. डॉक्टरांनी बजावलं, डावं पाऊलबी बधिर झालंय, खिळा घुसला तरी कळायचं न्हाय. रोज सांजच्याला तळव्याखाली आरसा धरून बघा. हाच पाय आता राखायचा, हा गेला की माणूस अंथरुणाला खिळला. पहिले दोन महिने मी बघत होते. मग त्यांनी आरसा माझ्या हातातनं घेतला, ‘माझं पाऊल, माझी हद्द’ म्हणून नवी डायरी घातली आणि रोजचं ‘ठीक’ सुरू झालं. खरं सांगते, मला बरंच वाटलं. दिवसभर घरचं उरकायचं आणि वर ह्यांची चिडचिड ऐकायची, जीव विटला होता माझा.

दिवाळीला पुण्याचा जावई अमृत आला, त्यानं जुना लॅपटॉप दिला आणि त्यात एक गेम घालून दिला. समुद्रातलं एक बेट, त्यावर डोंगर, झाडी, ओढे. मारामारी न्हाय, दुश्मन न्हाय, घाई न्हाय, तितं कुणी मरतबी न्हाय. आपला माणूस नुसता हिंडवायचा. मालकांचा चेहराच उजळला की! दोन वर्षांनी माणूस चालाय लागला. पण करावं काय त्यांनी, तर किनाऱ्याची एकच पायवाट धरली. सकाळी तेवढ्यावरनं जायचे, तेवढ्यावरनंच माघारी यायचे. महिनाभर तेच. मला हसू आवरंना.

“अहो, सगळं बेट मोकळं पडलंय आणि तुमी हितंबी ड्युटीच करताय व्हय? त्या डोंगरावर जा की,” मी म्हणलं. जळो माझं तोंड.

दुसऱ्या दिवसापासनं डोंगर सुरू झाला. जेवायला हाक मारली तरी ‘हा ओढा ओलांडू दे’ म्हणायचे. थंडीचे दिवस, पायात मोजा. लॅपटॉपच्या चार्जरचा डबा टेबलाखाली फरशीवर असायचा आणि डावं पाऊल दिवसभर त्याच्यावर टेकलेलं. डबा तापून हात लावू देत नसे. पण त्या पावलाला कुटलं कळतंय? डायरी मात्र रोज भरलेली दिसायची. एकतीस वर्षांत ज्यानं खोटं लिहिलं न्हाय, त्याच्या ‘ठीक’वर मी का संशय घ्यावा?

बाराव्या दिवशी घरात वास आला. मला वाटलं उंदीर मेला. सिलेंडरमागं बघितलं, कपाट सरकवलं, कुटं काय घावंना. टेबलाखाली वाकले तेव्हा वास मोज्यातनं येत होता. मोजा ओढला, तर त्याच्याबरोबर कातडं निघालं. तळवा काळा पडून फुटला होता. मालक वाकून बघत राहिले. त्यांना तरीबी काय दुखत नव्हतं.

“वैजू, मी बघितलंच न्हाय गं. नुसतं लिहीत गेलो,” म्हणाले.

समोर त्यांचा माणूस डोंगराच्या शेंड्यावर दोन्ही पायांवर उभा होता. मी तो लॅपटॉप आपटून मिटला. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी डावा पायबी काढला.

दवाखान्यातनं घरी आणल्यावर ह्यांनी पहिल्यांदा डायरी मागितली. एकेका ‘ठीक’खाली ‘न बघता लिहिलं’ असं लिहून सही केली. अकरा पानं. मग बिरुदेव सध्या काय करतो ते विचारलं. मला ठाऊक नव्हतं. मग डायरी माझ्यापुढं सरकवली. लिहिणाऱ्याच्या खाली तपासणाऱ्याची सही लागती, म्हणाले.

तपासणारी कसली आलीय मी? त्या अकरा दिवसांत रोज सकाळी टेबलाखालचा केर मीच काढत होते. पाय उचला म्हणायची, ते उचलायचे, मी झाडू फिरवायची. मोज्यातला तळवा माझ्या डोळ्यापुढं असायचा आणि मला केर तेवढा दिसायचा. त्यांच्या सहीखाली ‘मीबी बघितलं न्हाय’ लिहिलं आणि वैजयंती म्हणून सही केली.