आंघोळ्याचं दुसरं घर

आमच्या जिन्यावर एके काळी एक गोष्ट फार चवीने कुजबुजली जायची: दुसऱ्या मजल्यावरच्या आंघोळ्याचं बाहेर दुसरं घर आहे.

आंघोळे हे काही त्याचं आडनाव नव्हे. खरं आडनाव चांगलं वजनदार होतं, पण वजनदार आडनावं जिना चढेपर्यंत धापा टाकतात. माणूस अग्निशमन दलातला. सकाळी निळा शर्ट घालून जायचा, संध्याकाळी करड्या शर्टात परतायचा. केस ओले, भांग ताजा, आणि अंगाला अशा साबणाचा वास, जो त्याच्या न्हाणीघरात कधी आलाच नव्हता. आता कामावरून घामेजून येणारे नवरे आपण सगळ्यांनीच पाहिलेत. न्हाऊनमाखून येणारा नवरा कुणी पाहिलाय?

"कारण असल्याशिवाय कुणी दोनदा आंघोळ करत नाही," असं तळमजल्यावरच्या मास्तरीणबाई एकदा म्हणाल्या आणि गप्प बसल्या. त्या गप्प बसल्या म्हणून तर बाकीच्यांना बोलावं लागलं.

त्याची बायको लाँड्रीच्या काउंटरवर बसायची. गावभराच्या कॉलरी बघून कुणाच्या घरात काय शिजतंय ते सांगणारी बाई. पण स्वतःच्या नवऱ्याचे शर्ट काही तिच्या हाती लागत नव्हते. डाग असता तर तिने धुऊन काढला असता, नाहीतर नवऱ्याला धुतला असता. इथे शर्टच बेपत्ता! विचारलं की हा म्हणायचा, "स्टोअरमध्ये खिळ्याला अडकून फाटला गं. टाकून दिला."

स्टोअरचं प्रकरण असं होतं. आदल्या वर्षी एका आगीत धूर घशात जाऊन तो दवाखान्यात पडला होता. तेव्हा बायकोने निक्षून सांगितलं होतं, "आगीची गाडी तरी ठेव, नाहीतर मला तरी." त्याने बायको ठेवली. म्हणाला, बदली करून घेतली, आता स्टोअरमध्ये पाइप मोजत बसतो. तिला बरं वाटलं. पण पाइप मोजणाऱ्याला एवढी आंघोळ कशाला लागते, हा प्रश्न काही तिला सोडेना. त्यांची चार वर्षांची पोर मध्येच आजारी पडली होती, हातापायांवर लाल चट्टे, डोळे सुजलेले. तेव्हा तिने सगळा ठपका माझ्या मांजरीवर ठेवला आणि दोन महिने माझ्याशी बोलली नाही. पण शर्टांच्या काळजीत ती मांजरीलाही विसरली आणि माझ्याकडे येऊन रडली.

मग तिची आई आली. बाई अशी, की दार उघडायच्या आत घरातली धूळ दिसायची तिला. लेकीचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "शनिवारी तुला आणि पोरीला घेऊन जाते. पण त्याआधी त्या भवानीचं तोंड मला बघायचंय."

दुसऱ्या दिवशी ती जावयाच्या पाळतीवर निघाली. मीही गेले. परक्या गावात म्हाताऱ्या माणसाला एकटं कसं सोडायचं, नाही का?

अग्निशमन केंद्रासमोर चहाची टपरी होती, तिथे आम्ही बसलो. दुसरा चहा यायच्या आत घंटा वाजली, फाटक उघडलं आणि एक मोठी लाल गाडी बाहेर पडली. पुढच्या सीटवर कोण? पाइप मोजणारे जावईबापू!

"बघितलंत? बघितलंत?" म्हणत तिने टॅक्सी थांबवली. "त्या गाडीच्या मागे घ्या." टॅक्सीवाल्याचा चेहरा असा उजळला, जणू जन्मभर याच वाक्याची वाट बघत होता.

आता गंमत ऐका. आगीची गाडी म्हणजे धडधडत थेट दारात जाणार, अशी आपली समजूत. ही गाडी एका गल्लीच्या पार अलीकडे थांबली. वाऱ्याची दिशा बघून चक्क वळून पलीकडच्या रस्त्याने आली आणि पुन्हा लांबच उभी राहिली. आग नाही, धूर नाही. जावई उतरला, गल्लीच्या तोंडाला पिवळी फीत बांधून घेतली आणि डोळ्यांना दुर्बीण लावली. गल्लीत खाली एक गोदाम, आणि वर तिसऱ्या मजल्यावर एक बाई टॉवेल वाळत घालत होती.

"दुर्बीण!" सासूबाईंनी माझा दंड एवढा आवळला की वळ उठला. "दिवसाढवळ्या!"

तेवढ्यात त्याने भोंगा तोंडाला लावला. सगळ्या रस्त्याला ऐकू गेलं, "तिसऱ्या मजल्यावरच्या बाई! आत जा, खिडक्या घट्ट लावून घ्या! बाहेर पडू नका, आम्ही वर येतोय!"



सासूबाई फीत उचलून खालून गेल्या. मागून एक जवान ओरडला, "ओ आजी!" पण त्या वयात आजी म्हटल्याचा राग पायांना आणखी वेग देतो. जावयाने वळून बघितलं. मी त्याला इतकी वर्षं ओळखते, पण त्याचा चेहरा तसा उतरलेला कधी पाहिला नव्हता.

"आई! थांबा तिथंच! पुढे जाऊ नका!"

"का? काय लपवलंयस पुढे?"

पुढे एक फुटकं पिंप होतं. ते गोदाम पोहण्याच्या तलावातलं पाणी स्वच्छ करायची पावडर विकणाऱ्याचं. कुणा शहाण्याने पावडरच्या पिंपात फरशी धुवायचं ॲसिड ओतलं होतं. दारातून पिवळसर हिरवं काहीतरी जमिनीलगत सरपटत येत होतं, आणि त्याच्या आधी एक ओघळ फरशीवरून वाहत होता. सासूबाईंचा पाय नेमका त्याच ओघळावर पडला आणि त्या मटकन खाली बसल्या. मग खोकला लागला, आणि असा लागला की शिव्यासुद्धा अर्ध्यावर तुटायला लागल्या.

जावई धावला का? नाही. गाडीपाशी जाऊन तो पोशाख चढवू लागला. आधी पाय. मग हात. मग पाठीवर हवेची टाकी. मग तोंडावर मुखवटा, त्याचे पट्टे एकेक करून. त्याच्या जोडीदाराने प्रत्येक पट्टा ओढून बघितला आणि त्याने जोडीदाराचा. इकडे गर्दी जमलेली. कुणी म्हणालं, "अरे, म्हातारी मरतेय आणि हा नवरदेवासारखा नटतोय!" दुसरा म्हणाला, "सासू आहे ती त्याची." त्यावर सगळी गर्दी समजूतदारपणे गप्प झाली.

पण मी त्याच्या हातांकडे बघत होते. दर पट्ट्याला त्याची मान सासूबाईंकडे वळत होती. तरी एक पट्टा सुटला नाही.

मग दोघं गेले, सासूबाईंना दोन्हीकडून धरून उचलून बाहेर घेऊन आले. फितीच्या अलीकडे तंबू उभा केलेला होता, तिथे दोन महिला जवानांनी त्यांना ताब्यात घेतलं. तंबूच्या आतून आवाज येऊ लागले.

"कात्री? कात्री कशाला?"

"कपडे डोक्यावरून काढले तर तोंडाला लागेल, आजी. कापावेच लागतात."

"नवा ड्रेस आहे गं तो! परवाच शिवलाय!"

"डोळे मिटा. पाणी येतंय."

"हे पाणी आहे की धबधबा?"

"अजून थोडं. आता पाठ इकडे करा."

बराच वेळ पाणी चाललं होतं. मग साबण, मग पुन्हा पाणी. कपड्यांची लक्तरं एका पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, वर चिठ्ठी. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईलाही मागच्या जिन्याने सुखरूप उतरवलं. पंचाहत्तरीच्या होत्या त्या, आणि एवढ्या लोकांनी विचारपूस केल्यामुळे फार छान वाटत होतं त्यांना. सासूबाईंना प्राणवायू लावून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली, डोळे तपासले, दुपारभर ठेवून घेतलं आणि संध्याकाळी सोडलं.

दार लेकीने उघडलं. समोर आई: केस अजून ओलसर, अंगात पाठीवर मोठ्या अक्षरांत 'अग्निशमन' लिहिलेला नारिंगी टीशर्ट, खाली कुणाची तरी ट्रॅकपँट. लेकीने नाक पुढे केलं. वास घेतला. मान तिरकी केली.

"आई, हा साबण कुठला? सकाळी तू हे कपडे घालून गेली होतीस?"

सासूबाई टीशर्ट खाली ओढू लागल्या.  तेवढ्यात मागून जिना चढून जावई आला. केस ओले. वास तोच.

लेकीने एकदा आईकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे. मी चप्पल शोधायचं निमित्त करून दारातच थांबले.

"स्टोअर?" तिने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "आगीच्या गाडीवर नाही म्हटलं होतं, तेवढं खरं आहे. रसायनांच्या गाडीवर आहे."

ती धप्पकन खुर्चीत बसली. "दुसरी बाई असती तर तिच्या झिंज्या तरी उपटल्या असत्या मी. आता कुणाच्या उपटू?"

"पिंपाच्या," सासूबाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. मग थांबून जावयाला म्हणाल्या, "मी तिथं तडफडत होते आणि तू पट्टे लावत होतास."

"तसाच आलो असतो तर दोघांना उचलावं लागलं असतं, आई."

"कळतंय रे. पण जरा भरभर लावत जा."

लेक अजून त्याच्याकडेच बघत होती. "मला सांगितलं का नाहीस? घरीच आंघोळ केली असतीस. शर्ट मी धुतले असते."

तेव्हा तो रडला, आणि काय ते सगळं सांगितलं. मी दारातून निघाले. माझी मांजर निर्दोष सुटली होती, पण ते बोलून दाखवायची ती वेळ नव्हती.

शनिवारी सासूबाई एकट्याच परत गेल्या, नारिंगी टीशर्ट घालून. तो परत मागायची कुणाची हिंमत झाली नाही. बायको आठवडाभर नवऱ्याशी बोलली नाही. मग एका सकाळी तिने लाँड्रीतून जुन्या शर्टांचा इस्त्री केलेला गठ्ठा अग्निशमन केंद्रात नेऊन ठेवला आणि त्यावर घरचा साबण ठेवला.

आंघोळ्याला दुसरं घर नव्हतं. एकदा रस्त्यावर कीटकनाशकाची पोती फुटली होती. ती आवरून तो तसाच, त्याच कपड्यांत घरी आला, आणि मुलीने नेहमीसारखी त्याच्या गुडघ्यांना मिठी मारली. पोरीचे चट्टे आणि सुजलेले डोळे त्या कीटकनाशकाचेच होते. त्या दिवसानंतर तो केंद्रातच आंघोळ करायचा आणि अंगावरचे कपडे तिथेच टाकून घरी यायचा.