अठ्ठ्याण्णवची की नव्व्याण्णवची?

आमच्या पिंकीचं लग्न एका पिकअपच्या मागच्या काचेवरून मोडलं होतं. नंतर ते जुळलं, झालं, आणि आता ती तलासरीला सुखात नांदतेय. पण मोडलं होतं हे खरं, आणि मोडणारा मीच होतो.

आमचं गाव विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या मागे, डोंगराच्या अंगाला. भात आणि नाचणी घरापुरती. बाकी सगळं आयुष्य मी जुन्या पिकअपवर काढलं. गवताच्या पेंढ्या, चिकूचे क्रेट, वरोरची सुकी मच्छी, गणपती, वऱ्हाड आणि एकदा तर एक म्हैस व तिचा विमा उतरवणारे साहेब, दोघांनाही शेजारी शेजारी उभं करून नेलंय. यातून मला एक रोग जडला. पिकअप दिसली की मी तिचं साल सांगतो! कुठल्या साली जाळीच्या पट्ट्या आडव्याच्या उभ्या झाल्या, इंडिकेटर बंपरमधून मडगार्डवर कधी चढला, जास्तीचे पैसे भरले की कंपनी काय काय बसवून द्यायची, सगळं तोंडपाठ. चारोटीच्या टपरीवर बसून मी हायवेवरून जाणाऱ्या गाड्यांची सालं मोठ्याने सांगत असतो. (टपरीवाला हल्ली माझी खुर्ची हायवेकडे पाठ करून ठेवतो.)

म्हणून पाहुणे यायच्या दिवशी सकाळीच बायकोने, म्हणजे कल्पनाने, मला ओट्यावर गाठलं.

"अहो, नीट ऐका. मुलगा चांगला आहे. घर चांगलं आहे. आणि पिंकीने फोटो परत दिलेला नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तिच्या उशीखाली आहे! याआधीचे सगळे फोटो तिने उलटे करून परत दिले होते. तेव्हा तुम्ही फक्त 'या, बसा, चहा घ्या' एवढंच बोलायचं."

"आणि त्यांनीच काही विचारलं तर?"

"तर माझ्याकडे बघायचं."

"आणि समजा गाड्यांचा विषय..."

"अहो!"

मी कबूल केलं. अगदी मनापासून केलं. कारण पाहुणे येणार होते भाड्याच्या जीपने! निदान आम्हाला तरी तसाच निरोप होता. अकराच्या सुमारास वळणावर इंजिनाचा आवाज आला आणि माझे कान टवकारले. हा आवाज जीपचा नव्हता. आवाज पिकअपचा होता, तोही जुन्या.

गाडी अंगणात शिरली. मुलगा मयूर स्वतः चालवत होता, मध्ये त्याची आई सुमनताई, कडेला त्याचे वडील दामूभाऊ. पांढरा रंग, गोल डोळे, मागे साखळीवर लटकणारा फाळका. मी हात जोडून पुढे झालो आणि तोंडातून निघालं, "या, या! नव्व्याण्णवची ना?"

दामूभाऊ उतरता उतरता थांबले. "अठ्ठ्याण्णवची."

"नव्व्याण्णवची."

"अहो, गाडी माझी आहे. पहिल्या लॉटमधली. चोक्कस अठ्ठ्याण्णव!"

(तलासरीकडच्या माणसाच्या बोलण्यात गुजराती शिरली की समजावं, पारा चढतोय. मला ते समजत होतं. पण समजून उपयोग काय?)

दारातून कल्पनाने डोळे वटारले. मी म्हटलं, "बसा, चहा घ्या." पण दामूभाऊ बसेनात. "आधी जाळी बघा," ते म्हणाले. मी बघितली. पट्ट्या आडव्या होत्या. हा मुद्दा त्यांचा. मी म्हटलं, "आता इंडिकेटर बघा." इंडिकेटर मडगार्डवर होता. हा मुद्दा माझा. ते म्हणाले, "चारोटीला एका टँकरने घासली, तेव्हा मडगार्ड बदललं." मी म्हटलं, "मग जाळीही तेव्हाच बदलली असेल!"

एवढ्यात पिंकी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेरच्या खोलीत आली. तिथे खुर्च्यांशिवाय कोणी नव्हतं. साडीचा पदर सावरत ती ट्रे घेऊन अंगणात आली, तर दोन्ही बाप बॉनेटमध्ये डोकं घालून, आणि मयूर बॉनेट पडू नये म्हणून हाताने धरून उभा. मुलगी बघायचा कार्यक्रम होता, पण उभं करून, वाकवून, पाठमोरं करून बघणं चाललं होतं ते गाडीचं!

मयूर हळूच म्हणाला, "बाबा, आर.सी. बुकात साल असेल ना. घरी गेल्यावर..."

"तू गप बस!" आम्ही दोघं एकदम ओरडलो. गाडीची पारख पुस्तकावरून करायची? दामूभाऊंनी माझ्याकडे आणि मी त्यांच्याकडे जरा आदराने पाहिलं. सोयरीक जुळावी असा तो एकच क्षण होता, आणि तेवढ्यात मला केबिनची मागची काच दिसली.

सरकती काच! दोन भागांची, खाचेतून सरकणारी. कंपनीला जास्तीचे पैसे दिले तरच मिळायची, आणि तीसुद्धा नव्व्याण्णवपासून. अठ्ठ्याण्णवला काच अखंड. मी टाळीच वाजवली.

"आता बोला, दामूभाऊ!"

"माझ्या बापाने पैसे भरून मागवली होती ती."

"अठ्ठ्याण्णवला पैसे काय, जमीन लिहून दिली असती तरी मिळाली नसती!"

"म्हणजे माझा बाप खोटं बोलला?"

इथे कुठल्याही शहाण्या माणसाने पोह्यांची बशी उचलली असती. मी खिशातून रुपया उचलला. कारण अठ्ठ्याण्णवला कंपनी पिस्ता रंग द्यायची आणि नव्व्याण्णवला आकाशी. वरचा पांढरा जरासा खरवडला की झालं! मी दाराच्या कोपऱ्यात घासायला लागलो. पांढऱ्याखाली पिवळा निघाला. पिवळ्याखाली लाल. लालखाली परत पांढरा. दामूभाऊही इरेला पेटले होते, त्यांनी दुसऱ्या दारावर किल्लीने सुरुवात केली. शेवटी दोन्हीकडे पत्रा लागला. पिस्ता नाही, आकाशी नाही, आणि दारांवर तळहाताएवढे दोन डाग.

"सीटखाली कंपनीचा शिक्का असतो," मी म्हणालो.

"काढा सीट!" दामूभाऊ म्हणाले.

बोल्ट गंजलेले. मी पाना आणला, मयूरने रॉकेल आणलं, आणि अख्खं सीट उचलून अंगणात ठेवलं. त्यावर आमची कोंबडी लगेच जाऊन बसली. खाली शिक्का नव्हता. खाली होती मयूरची पाचवीत हरवलेली कंपासपेटी, एक वाळलेलं लिंबू आणि विड्यांचं बंडल. सुमनताईंनी बंडल उचलून वास घेतला.

"हे काय हो? तुम्ही तर सोडली होती ना?"

"जुनं असेल ते," दामूभाऊ पुटपुटले.

"जुनं? याच्यावरचा कागद अजून कोरा आहे!"

दामूभाऊंचा चेहरा बघवेना. मी विषय बदलावा म्हणून (चांगल्या हेतूने, देवाशपथ!) स्टेअरिंगखाली हात घातला. तिथेही कधीकधी एक पट्टी असते. पट्टी नव्हती. वायर होती. ती ओढली गेली आणि हॉर्न वाजायला लागला.

वाजायला लागला तो थांबेचना! कोंबडी उडाली, बैल दावं ओढायला लागले, पाड्यावरून माणसं धावत आली. कोणी तरी ओरडलं, "जमलं काय रे?" दुसरा म्हणाला, "जमलं, जमलं! म्हणून तर वाजवतायत!" म्हाताऱ्या बाया येऊन सुमनताईंच्या पाया पडू लागल्या. पिंकीच्या हातात कोणी तरी नारळही दिला. शेवटी मयूरने बॅटरीची वायर उपटली आणि गाव शांत झालं.

त्या शांततेत दामूभाऊ म्हणाले, "काही जमलेलं नाही. जिथे माझ्या बापाला खोटं पाडतात, तिथे मी मुलगा द्यायचा नाही. जवा दे ने, जाऊ दे! मयूर, गाडी काढ."

आणि ताठ मानेने जाऊन ते केबिनमध्ये बसले. म्हणजे बसायला गेले. सीट अंगणात होतं. आतून धप्प असा आवाज आला. पाड्यावरचे लोक पाय न वाजवता निघून गेले.

गाडी सुरू होत नव्हती, म्हणजे पाहुणे जाऊ शकत नव्हते. रुसलेल्या पाहुण्यांसाठी कल्पनाने भात टाकला आणि बोंबील तव्यावर घातले. मागच्या दारी पिंकीने मला गाठलं. साडीला ग्रीस लागलेलं, हातात बारा-तेराचा पाना. मयूर वायर जोडत होता आणि ती त्याला पाने देत होती. (लहानपणापासून मलाच पाने देत वाढलेली पोर ती, मागायच्या आधी बरोबर नंबर काढते.)

"पप्पा, मला तो आवडलाय."

"अगं पण..."

"त्याने हॉर्न वाजत असतानासुद्धा मला 'घाबरू नका' म्हटलं. तुम्ही जाऊन म्हणा, अठ्ठ्याण्णवची आहे."

"पण ती काच, पिंके..."

"पप्पा!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग माझंही सगळं अवसान गळालं. पोरगी कधी काही मागत नाही. आणि खरं सांगायचं तर, दामूभाऊंचा बाप पहिली पिकअप घेऊन गावात शिरला असेल तेव्हा पोरं कशी मागे धावली असतील, हे मला दिसत होतं. माझ्या बापाच्या मागे आम्ही तसेच धावलो होतो. असल्या आठवणीवर मी रुपया घासला, याची मला लाज वाटली.

दामूभाऊ अंगणातल्या सीटवर, घराकडे पाठ करून बसले होते. मी बाजूला जाऊन बसलो. एकच शब्द बोलायचा होता. तो बाहेर ढकलायला मला जेवढा जोर लागला तेवढा चढणीवर भरलेली गाडी ढकलायलाही लागला नव्हता. मी तोंड उघडलं, आणि त्याच वेळी त्यांनीही उघडलं.

"अठ्ठ्याण्णवची!" मी म्हणालो.

"नव्व्याण्णवची!" ते म्हणाले.

(सुमनताई विड्यांचं बंडल हातात घेऊन दारात उभ्या होत्या, हे मला मागाहून दिसलं.)

"छे, छे, दामूभाऊ! जाळी आडवी आहे. अठ्ठ्याण्णवच!"

"अहो, पण काच सरकती आहे. तुमचंच बरोबर. नव्व्याण्णव!"

"तुमच्या वडिलांनी पैसे भरले होते!"

"म्हातारा जरा वाढवूनच सांगायचा हो!"

"वडिलांबद्दल असं बोलू नका! अठ्ठ्याण्णव म्हणजे अठ्ठ्याण्णव!"

"मी सांगतो ना, नव्व्याण्णव!"

आवाज पुन्हा चढायला लागले. मी उठून उभा राहिलो, तेही उठले. तेव्हा कल्पना आणि सुमनताई दोघींनी मिळून आम्हाला दंडाला धरून आत नेलं, पानावर बसवलं, आणि आमच्या तोंडात बोंबील असतानाच आपापसात लग्न ठरवून टाकलं. बाहेर मयूरने चावी फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

सगळ्यांची तोंडं गोड झाली. दामूभाऊंनी मला मिठी मारली. पिंकी लाजून आत पळाली. भटजींना सांगायचं म्हणून सुमनताईंनी सहज विचारलं, "भाऊ, मुलगी कुठल्या सालची?"

अख्ख्या दिवसात खात्रीने उत्तर देता येईल असा हा पहिलाच प्रश्न होता. मी छाती फुगवून म्हणालो, "नव्व्याण्णव!"

"दोन हजार," कल्पना दातओठ खात म्हणाली. "जानेवारी."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता माघार घेणं शक्यच नव्हतं.

"तेच ते," मी म्हणालो. "बनली नव्व्याण्णवलाच. पासिंग दोन हजारला झालं!"

दामूभाऊ हसून हसून पाटावरून पडले. कल्पनाने मात्र लग्न लागेपर्यंत मला चार माणसांत फक्त 'या, बसा, चहा घ्या' एवढंच बोलू दिलं, आणि मंगलाष्टकांच्या वेळी तर तेही नाही.