कंपनी सोडलेला भाऊ

आमच्या रोहण्यात शिकून साहेब झालेला मी काही पहिला नव्हतो, पण स्वतः फटफटी चालवत गावात शिरणारा पहिला होतो, आणि माझ्या वडिलांना तेवढं पुरेसं होतं. शेतकी कॉलेजातून बाहेर पडलो आणि फवारणीची औषधं विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीत लागलो. सत्तरचं दशक तेव्हा निम्मं सरलं होतं. आर्वी तालुका माझ्याकडे. फटफटी कंपनीची, बॅग कंपनीची, डायरीही कंपनीची. बाबा बाजाराच्या दिवशी आर्वीला आले की काम नसताना माझ्या ऑफिसपुढून दोनदा जायचे आणि सोबतच्याला सांगायचे, "पोट्टा आतमंदी आहे. मीटिंग चालू असन." मीटिंग कसली डोंबलाची! मी आत एकटा बसून डायरीच्या मागच्या पानांवर बैल काढत असायचो.

भिंती रंगवून घेणं हाही आमच्या नोकरीचाच भाग होता. गावात शिरताना डोळ्यांत भरेल अशी भिंत शोधायची, मालकाला राजी करायचं, वर्ध्याहून पेंटर आणायचा आणि मुंबईच्या ऑफिसातून आलेल्या कागदाबरहुकूम जाहिरात काढून घ्यायची. कागदावर हसरा शेतकरी, फुटलेली कपाशी आणि एक बैलजोडी. त्या बैलांची शिंगं हात हातभर लांब. तसे बैल तिकडे घाटावर. आमच्याकडचा बैल गवळाऊ, म्हणजे पांढरा, लांबट तोंडाचा आणि आखूड शिंगांचा. त्या बैलाचा आमच्या तालुक्याला कोण अभिमान, आणि आम्ही गावोगाव परक्या मुलखातले बैल काढत सुटलो होतो. एका गावात एक म्हातारा विडी विझवून बराच वेळ भिंतीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "साहेब, हा बैल कुठचा जी? एवढ्या शिंगाचा त आमच्या कोठ्याच्या दारात अटकन."

सगळे खो खो हसले. मलाही हसू आलं, पण लागलंही. मी पेंटरच्या हातातून ब्रश घेतला, शिंगांवर चुना फिरवला आणि माझ्या डोळ्यांपुढचा बैल काढायला बसलो. कंपनीची पँट रंगाने भरली. दुपार टळली, माणसं जमत गेली, आणि चित्र पुरं व्हायच्या आतच एक जण म्हणाला, "अरे, हा त पाटलाचा बैल!" दुसऱ्याने लगेच वाद घातला की नाही, तो बैल त्याच्या सासऱ्याचा आहे. दोघं हातघाईवर आले. मला एवढं सुख त्याआधी कधीच झालं नव्हतं, पगार झाल्याच्या दिवशीसुद्धा नाही.

आठवड्याभरात नागपूरहून मोठे साहेब दौऱ्यावर आले. भिंतीपुढे गाडी थांबवून ते शांतपणे म्हणाले, "मंजूर झालेलं चित्र हे नव्हे." माणूस भला होता आणि त्याचं बरोबरही होतं. जो तो आपापल्या तालुक्याचा बैल काढू लागला तर कंपनी चालायची कशी? मी माझ्या हाताने ती शिंगं पुन्हा लांब केली. करताना असा संताप आला की ब्रशचे केस वाकडे झाले. राग माझ्या नाकावरच असतो, पण बहुतेक वेळा तो संध्याकाळपर्यंत उतरतो. त्या वेळी उतरला नाही. महिन्याभरात मी राजीनामा दिला, फटफटी परत केली आणि आर्वीच्या एस.टी. स्टँडमागे एका बोळात पेंटरचं दुकान टाकलं. सुखाचा जीव दुःखात घातला, असं सगळे म्हणाले. मीही अधूनमधून म्हणायचो.

दुकान कसलं, चार पत्रे आणि एक बाक. पण त्या दुकानाचा वास आजही नाकात आहे. इनॅमलचा, रॉकेलचा, आणि शेजारच्या हॉटेलातल्या तर्रीचा. पिठाच्या गिरणीचे बोर्ड, ट्रकच्या नंबर प्लेटा, शाळेच्या भिंतींवरचे सुविचार, लग्नाच्या मांडवातले पडदे, जे येईल ते करायचो. खडू लावलेला दोरा ताणून टण्णकन सोडला की पत्र्यावर सरळ पांढरी रेघ उमटायची, आणि त्या रेघेवर पहिलं अक्षर उभं राहायचं. त्याची आठवण झाली की अजून जीव कासावीस होतो. ते दिवस ओढगस्तीचे होते. तरी कोणी परत देऊ केले तर मी घेईन.

बाबा मात्र बोलेनासे झाले. बाजाराला येत, पण स्टँडमागे फिरकत नसत. गावात त्यांनी सांगितलंच नाही. माझी बदली झाली आहे, एवढंच लोकांना ठाऊक. आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती आणि घर धाकट्या बहिणीने धरलं होतं. तिच्या लग्नाचं चाललेलं. "पोरगी पाहाले येतीन त पयले भाऊ काय करते तेच विचारतीन," बाबा मला ऐकू जाईल असं भिंतीला म्हणायचे.

आणि आलेच. नागपूरला सरकारी नोकरी असलेला मुलगा, पुलगावकडचे पाहुणे, स्थळ असं की बाबांची आठ दिवस झोप उडाली. आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं आणि कित्येक महिन्यांनंतर पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघून बोलले. "तू कंपनीतच आहे. कळलं? एका दिवसाचा सवाल आहे." मी हो म्हणालो. बहिणीच्या आयुष्यापुढे माझी ऐट ती काय! सकाळी बहिणीनेच माझे हात रॉकेलच्या बोळ्याने चोळून काढले. नखांतला निळा रंग काही जाईना. ती काडीने कोरत बसली.

पाहुणे सतरंजीवर बसले. बाबांनी ओळख करून दिली, "हा पोरगा, कंपनीत ऑफिसर." मी मान डोलावली आणि हात मांडीखाली घेतले. पोहे आले, बहीण पाटावर बसली. नाव, शिक्षण, स्वयंपाक सगळं नीट झालं. मुलाच्या काकांना ती आवडली हे दिसतच होतं. ते सहज, तिची भीड मोडावी म्हणून म्हणाले, "भाऊ त दौऱ्यावरच राहत असन, नाई? घरी कवा येते?"

बहिणीने पदर सावरला. "भाऊ कंपनीत नाई जी. सोडली त्यानं. आर्वीले स्टँडच्या मांग त्याचं पेंटरचं दुकान आहे." मग जणू पाहुण्यांना काळजी वाटू नये म्हणून, "बोर्ड चांगले काढते."

पोहे संपवून पाहुणे गेले. जाताना हात जोडून गेले, वाईट शब्द एक नाही. पंधरा दिवसांनी कार्ड आलं की पत्रिका जुळत नाही. पत्रिका आम्ही दिलीच नव्हती.

बाबांनी तिला काही म्हटलं नाही. मोडलेलं स्थळही माझ्याच नावावर चढलं, आणि ते बरोबरच होतं. दुसऱ्या दिवशी मी कंपनीला अर्ज लिहिला, चूक झाली, परत घ्या, कोणताही तालुका चालेल. टाकण्याआधी तिला दाखवायला रोहण्याला गेलो. ती अंगणात तूर पाखडत होती. मी विचारलं, "काऊन सांगितलं तू?"

सूप खाली न ठेवता ती म्हणाली, "एका दिवसाचं खोटं मी बोलली असती भाऊ. पण त्या घरी मले जलमभर राहा लागलं असतं. तू भेटाले आला असता त दरवेळी तुहे हात मी घासून द्याचे काय?"

मी तिथेच, त्या तुरीच्या फोलपटांत बसून रडलो. अर्ज टाकला नाही.

पुढची दोन वर्षं बाबा आणि मी एकमेकांशी कामापुरतं बोललो. मग तिला एक शाळामास्तर सांगून आला. आमच्यासारखीच शेतकरी माणसं, चार गावं पलीकडची. साक्षगंध आमच्या अंगणात झालं. कुंकू लागलं, साडी दिली, नारळ झाले, आणि ओळखींना सुरुवात झाली. मी सवयीने मागे मागे सरकत होतो. बाबांनी मला दंडाला धरून पुढे ओढलं. माझी बोटं त्या दिवशी पिवळी होती, आदल्या रात्रीच एक बोर्ड पुरा केला होता. मला वाटलं, आता हे काहीतरी सांगून वेळ मारून नेणार.

"हा माहा पोरगा," ते व्याह्यांना म्हणाले. "पेंटर आहे. आर्वीले दुकान आहे त्याचं." व्याह्यांनी मान डोलावली. बाबा थांबले नाहीत. "तुमच्या गावात कोनाच्या दुकानाचा बोर्ड असन, शाळेचं काम असन, त याले सांगजा. चांगलं करते."

बाबांनी उभ्या जन्मात कोणापुढे कसली मागणी केली नव्हती. पाहुण्यांच्या घोळक्यात टोपी नीट करत ते माझ्यासाठी काम मागत होते. मला वर मान करवेना.