धारणीहून आणलेली पाण्याची बाटली

धारणीला जायचं मी स्वतःहून मागून घेतलं. मेळघाटाचं नाव निघालं की आमच्या कचेरीतल्या कारकुनांची पोटं दुखायला लागायची. एकसष्टचा उन्हाळा होता, महाराष्ट्र होऊन वर्ष झालं होतं. अकोल्यात पाण्याच्या खात्यात मी नवा चिकटलो होतो, आमच्या घराण्यातला पहिला सरकारी नोकर. जठारपेठेत खोली घेतली तेव्हा आई आठ दिवस सगळ्यांना सांगत फिरत होती.

मागून घेण्याचं कारण माझी थोरली बहीण, गयाताई. तिला धारणीच्या पुढे नदीकाठच्या एका खेड्यात दिलेली. गावाच्या वरच्या अंगाला, सरहद्दीपलीकडे मध्य प्रदेशात, कातडी कमावण्याचा कारखाना होता आणि त्याची सगळी घाण सरळ नदीत यायची. ताईचा मुलगा आदल्या वर्षी हगवणीने गेला. आता धाकट्या मुलीचंही पोट धरत नव्हतं.

छप्पनपर्यंत हे दोन्ही काठ एकाच प्रांतात होते. तेव्हा कुणाला हे काम सुचलं नाही. आता दोन राज्यं झाली, मग पत्रांवर पत्रं सुरू झाली. शेवटी असं ठरलं की कारखान्याच्या खालच्या अंगाला सांडपाणी गाळायचे हौद बांधायचे आणि खर्च निम्मा त्यांनी, निम्मा आपण द्यायचा. पण पलीकडचे म्हणाले, पाणी खराब आहे हे आधी दाखवा. म्हणून नमुना आणायला आम्ही निघालो, साहेब जीपने आणि मी आपला गाडीने.

ज्यांना जायची हौस आहे त्यांच्यासाठी तेव्हाचा रस्ता सांगतो. अकोल्याहून मोठ्या गाडीने मूर्तिजापूर. तिथे उतरून अचलपूरची छोटी गाडी, जी इतकी हळू चालायची की लोक खाली उतरून, हातपाय मोकळे करून परत चढायचे. काळ्या रानात नांगरट होऊन पडलेली ढेकळं, बाकी सावलीला काही नाही. रात्र परतवाड्याला काढून पहाटे धारणीची मोटर. घाटात ती दोनदा तापली. तेवढ्या वेळात मी आईने बांधून दिलेली भाकर आणि ठेचा संपवला, तेव्हा शेजारचे म्हातारेबुवा विचारू लागले.

"कुठी जाऊन राहिले?"

"धारणीले."

"काहून? बदली केली का? कोणाचं काय बिघडवलं बा तुमी?"

सगळी मोटर हसली. मीही हसलो.

धारणीला साहेब डाकबंगल्यात पंख्याविना घामाघूम बसले होते. पुण्याकडचे, माणूस वाईट नव्हता. त्यांनी मला काचेच्या बुचाची बाटली दिली आणि दोनदा बजावलं, "ही उकळून आणलेली आहे. धुवायची नाही. भर धारेतलं पाणी तुम्ही स्वतः भरायचं, आणि कागदावर लिहायचं, माझ्या समक्ष भरले." मी हो म्हणालो. सायकल मागून घेऊन ताईकडे पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं.

नदी पाहून मला शिसारी आली. चहाच्या चोथ्यासारखं पाणी, कडेला फेस, आणि वास असा की रुमाल काढावा लागला. पाटलाकडची माणसं वरच्या विहिरीवर जात. आमच्या लोकांना विहीर बंद. बौद्ध धर्म घेऊन पाच वर्षं झाली होती तरी बंदच. नदीच्या वाळूत झिरा खणायचा, त्यात हळूहळू पाणी पाझरतं, ते वाटीवाटीने भरायचं. एक घागर भरायला दुपार जाते, म्हणून सणाला आणि पाहुण्याला झिऱ्याचं, एरवी धारेचंच.

ताईने बेसन-भाकर वाढली. धाकटी कोपऱ्यात पडून होती, तिच्या मनगटावर काळा दोरा सैल झाला होता. मी जेवलो आणि खाटेवर आडवा झालो. ताई म्हणाली, "बाटली देजो इकडं. मी पाण्याले जातच आहो." मी दिली. तिला सांगितलंही, धारेतलं भर, तपासायला न्यायचं आहे. मग पडल्यापडल्या कागदावर लिहिलं, माझ्या समक्ष भरले, आणि सही केली. तिने आणलेल्या बाटलीवर चपडी लाख लावून मी संध्याकाळी ती साहेबांच्या पेटीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी साहेब मला जीपमध्ये घेणार होते. ताई डोक्यावर जळणाचा भारा घेऊन धारणीपर्यंत चालत आली. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "बापू, बाटली राखेनं तीनदा घासली. झिऱ्याचं पाणी भरलं, कपड्यातून गाळून."

"ताई, काहून? मी तुले धारेचं सांगितलं होतं ना!"

"थे घाण पाणी देऊ का साहेबाले? तपासलं आन् नापास झालं, त लोक काय म्हणतीन? बौद्धाच्या बाईच्या हातचं पाणी घाण म्हणतीन. आजवर आपल्या हातचं कोणं घेतलं रे?"

तिकडे साहेब जीपमधून हाक मारत होते. एवढंच सांगायचं होतं की साहेब, नमुना चुकला, दोन तासांत दुसरा आणतो. पण कागदावर माझी सही होती. खोटं लिहिल्याबद्दल नोकरी जाईल, आणि वर्षभरापूर्वीच तर लागली होती. मी जीपमध्ये बसलो. घाटात साहेब मोराबद्दल काही सांगत होते, मी हो हो म्हणत होतो.

अकोल्यात अहवाल आला: पाणी पिण्यास योग्य. पलीकडच्यांनी तोच कागद पुढे करून आपला हिस्सा नाकारला आणि आपल्याकडच्यांनीही फाईल बंद केली.

आता रस्ता चांगला आहे. जायचं असेल तर हिवाळ्यात जा, प्यायचं पाणी सोबत न्या. मला त्या प्रवासातलं जंगल फारसं आठवत नाही. माझी नोकरी टिकली, पुढे पेन्शनही मिळाली, आणि ती दर महिन्याला घेताना मला स्वतःची लाज वाटते.

त्याच एकसष्टच्या श्रावणात ताईचं पत्र आलं, शाळेच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं. धाकटी गेली होती. खाली विचारलं होतं, पाणी तपासलं काय, चांगलं निघालं ना?

मी उलट टपाली लिहिलं, हो ताई, चांगलं निघालं.