मास्तरांच्या पोटातली नळी

मास्तरांच्या दोन्ही मूत्रपिंडांनी हात टेकले तेव्हा डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. एक, आठवड्यातून तीनदा इस्पितळात जायचं आणि अर्धा अर्धा दिवस यंत्राला जोडून पडून राहायचं. दुसरी, पोटात एक मऊ नळी बसवून घ्यायची आणि घरीच, दिवसातून चार वेळा, औषधाचं पाणी पोटात भरायचं, काही तास ठेवायचं आणि काढून टाकायचं. मास्तर म्हणजे शिंपी. चाळीस वर्षं एकाच टेबलाशी उभं राहून कापड कापलेला माणूस. "तीन दिवस दुकानाला कुलूप? मग जगून मी काय दिवे लावू?" असं म्हणून त्यांनी नळी घेतली.

मास्तरांच्या बायकोला सगळी गल्ली काकी म्हणायची. काकी तशी खमकी, पण नळी बघून मनातून टरकली. आत जायची वाट अशी उघडी ठेवायची म्हणजे काय! इस्पितळातल्या सिस्टरने तर धोका लपवलाच नाही. "ही वाट औषधाला आहे तशीच जंतूंनाही आहे," ती म्हणाली. "हात साबणाने धुवा, कोरडे पुसा. तोंडाला मास्क. पंखा बंद, दार बंद, मांजर-कुत्रं बाहेर. पोट साफ राहिलं पाहिजे, अन्न अंगाला लागलं पाहिजे. आणि निघालेलं पाणी बघत जा. पाणी ज्या पिशवीत उतरतं तिच्याखाली पेपर धरायचा. अक्षरं वाचता आली तर ठीक, नाहीतर तडक इकडे."

सहा महिने अक्षरं वाचता आली. मास्तर सकाळचं पाणी काढून दुकानात जायचे, दुपारी घरी येऊन बदलायचे, परत जायचे. काकी समोर स्टुलावर घड्याळ आणि पेपर घेऊन बसायची. मग एकदा पाणी गढूळ आलं. पोटात कळा, अंगात ताप, दोन आठवडे औषधं. बरे झाले. तीन महिन्यांनी पुन्हा तेच! या खेपेला डॉक्टर चष्मा काढून म्हणाले, "आणखी एकदा झालं तर नळी काढावी लागेल."

झालं, काकीच्या जिवाला घोर लागला. तिने खोलीतले पडदे उतरवले, सतरंजी माळ्यावर टाकली, दाराच्या कड्यासुद्धा पुसून काढल्या. एवढं करून सापडलं काय? तर सुनेचं मांजर. बिचारं त्या खोलीत कधी फिरकतही नव्हतं, पण कुणावर तरी खापर फोडायला हवंच होतं ना! मांजर सुनेच्या माहेरी गेलं. मग सुनेची पाळी. "केस मोकळे सोडून इथे कशाला येतेस? पिशव्यांचा ट्रे पुसला होतास का? खरं सांग."

"पुसला होता, आई. दोनदा पुसला."

"मग जंतू काय आभाळातून पडले?"

सून मुळात उलट बोलणारी नव्हती, हे काकीच्या चांगलंच पथ्यावर पडलं. त्यानंतर सून ट्रे दाराशीच ठेवायची आणि आत पाऊल न टाकता निघून जायची.

तिसऱ्यांदा पाणी गढूळ आलं ते एका मंगळवारी सकाळी. काकीने पिशवीखाली पेपर धरला, जवळ नेला, लांब नेला. मास्तर म्हणाले, "आज छापखान्यात शाई संपली वाटतं." दोघंही हसली नाहीत. मास्तरांचं पोट फळीसारखं ताठ झालं होतं.

इस्पितळात औषधं सुरू झाली. तिसऱ्या दिवशी तपासणीचा कागद हातात घेऊन सिस्टर खाटेशी आली. सून डबा घेऊन आली होती, तीही तिथेच होती. सिस्टर म्हणाली, "यात जे जंतू आलेत ना, ते माणसाच्या तोंडात असतात. मास्तर, तुम्ही घरी करता तस्संच मला करून दाखवा. काही लपवू नका."

"लपवायला काय चोरी केलीय?" मास्तर उठून बसले. त्यांनी हात धुतले, बोटांच्या बेचक्यांतून धुतले, कोरडे पुसले. मास्क लावला. पिशवी जोडली, पाणी काढलं, भरलं. इतकं निगुतीनं, की काकीला अभिमान वाटला. शेवटी नळीच्या तोंडाला नवीन टोपण लावायचं होतं. मास्तरांनी टोपणाची पुडी फोडली. आता एका हातात नळी, दुसऱ्या हाताने पिशवी सोडवायची. मास्तरांनी मास्क हनुवटीखाली ओढला आणि टोपण ओठांत धरलं.

"काय झालं?" सगळ्यांच्या नजरा आपल्यावर खिळलेल्या बघून त्यांनी ओठ न हलवता विचारलं.

सिस्टरने नुसतं बोट दाखवलं. मास्तरांनी टोपण हातात घेतलं आणि त्याच्याकडे बघत राहिले. "अरे देवा," ते म्हणाले. "टाचणी धरतो तसं धरलं की मी. मला पत्ताच नाही."

पत्ता कसा असणार! दोन्ही हात कापडात अडकले की शिंप्याचं तोंड हाताचं काम करतं. टाचण्या, दोऱ्याचं टोक, बटण, सगळं ओठांत. चाळीस वर्षांची सवय अशी सुटते होय?

"काकी," सिस्टरने विचारलं, "तुम्ही समोर असता ना? तुम्हाला कधी दिसलं नाही?"

काकीला दिसलं होतं. रोज दिसलं होतं, दिवसातून चार वेळा. ती जमिनीवरची धूळ बघत होती, दाराखालची फट बघत होती, सुनेचे केस बघत होती. नवऱ्याच्या ओठांत काहीतरी असणं तिला इतकं अंगवळणी पडलं होतं, की ते बघूनही तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

"नाही बाई," ती म्हणाली. "मला नाही दिसलं."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. मग सिस्टरला म्हणाले, "तिला कुठून दिसणार? माझी पाठ असायची तिच्याकडे."

सिस्टरने मान हलवली आणि कागदावर लिहून घेतलं. नळी उद्या सकाळी काढायची. पुढच्या आठवड्यापासून यंत्र, तीन दिवस.

मास्तर आणि काकी कसे समोरासमोर बसतात, ते सून ट्रे दाराशी ठेवताना रोज बघत होती. काकी मान खाली घालून वाट बघत राहिली, आता ती बोलेल, आता बोलेल. बोलली असती तर तिचं काय चुकलं असतं? सुनेने डबा टेबलावर ठेवला, ओढणी नीट केली.

"आई, मी निघते," ती म्हणाली. "दुकानाशी लोक कपडे न्यायला येऊन थांबले असतील. त्यांना सांगायला हवं."